भारी तेवढं गळालं

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

वर्ष झालं, पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे तसेच आहेत. झालं.

गेल्या मंगळवारी धाकटीनं एक कागद प्रिंट काढायला माझ्याकडं पाठवला. एम. एस. साठी परदेशी अर्ज करतीय, त्यात स्वतःबद्दल दोन पानं लिहायची असतात. "पप्पा, वाचू नका हं, नुसतं प्रिंट मारा." आता असं सांगितल्यावर कोण वाचणार नाही? दुसऱ्याच परिच्छेदात मी सापडलो. फाउंड्रीत हिशेब लिहिणाऱ्या बापाचं 'मंडेन' आयुष्य बघत मी वाढले, असं इंग्रजीत.

मंडेन. पहिल्यांदा वाटलं, सोमवारचं काहीतरी असेल. आमच्या शॉपला सोमवारी सुट्टी, त्या दिवशी मी घरात असतो, पोरीनं प्रेमानं आठवण काढली असेल. हसू नकोस. एकदा फसलोय म्हणूनच या वेळी लगेच डिक्शनरी उघडली.

एकदा म्हणजे कधी, ते तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण तू चिमण्याला ते दर वेळी खोटं सांगतोस. माझी रंकाळ्यावरची कविता वाचून तू म्हणालास, "पेडेस्ट्रियन आहे." मी खूश! कवितेत माणूस चालतच होता की, टॉवरपासून पार शालिनी पॅलेसपर्यंत. त्या आनंदात तुला खासबागेजवळ भेळ चारली. तिसऱ्या दिवशी लायब्ररीत दुसरा अर्थ सापडला. रटाळ, कल्पनेचा पत्ता नसलेली. लॅटिनमध्ये म्हणे पायी चालणाऱ्याला जो शब्द, तोच साध्या गद्यालाही. तुला हे तेव्हाच ठाऊक होतं आणि तरी तू भेळ पुरती खाल्लीस. पाच महिने बोललो नव्हतो. पैसे अजून यायचेत.

तर मंडेन. मूळ लॅटिन मुंडुस, म्हणजे जग. फ्रेंचातून इंग्रजीत आला तो १५व्या शतकात आणि तेव्हा त्यात लागण्यासारखं काही नव्हतं. देवाधर्माचं, स्वर्गाचं ते एकीकडं आणि ह्या जगातलं ते मंडेन. आपल्याकडं परमार्थ आणि प्रपंच, तसं. रोजचंच, नीरस, हा अर्थ मागाहून चिकटला. फ्रेंचात तर तोच शब्द आज पार्ट्यांतून मिरवणाऱ्या बड्या लोकांना लावतात. आणि ज्योतिषात मंडेन म्हणजे देशांचं, राज्यांचं भविष्य, आपले ज्योतिषी ज्याला मेदिनीय म्हणतात ते. म्हणजे पॅरिसात मी रंगेल, पत्रिकेत मी आख्खं राष्ट्र आणि घरात रटाळ. जगात भारी कोल्हापुरी म्हणतो आपण. माझ्यातलं जग तेवढं राहिलं, भारी गळालं.

तू मास्तर, म्हणशील, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मीही दहा-बारा वाक्यं काढून बघितली. हा शब्द बहुतेक कामाला लावतात, माणसाला कमी. लाइट बिल भरणं, कपडे वाळत घालणं, पासबुक छापून आणणं, ही सगळी मंडेन कामं. बोअरिंग म्हटलं की कुणीतरी कंटाळलेलं असतं. मंडेनमध्ये कंटाळा असेलच असं नाही, पण दखल घेण्यासारखंही काही नसतं. नेमकं तेच सलतंय गड्या. शिवी असती तर भांडलो असतो.

हिला सांगितलं, तर म्हणाली, "खोटं काय लिहिलंय? एकतीस वर्षं तोच डबा." डबा दोनदा बदललाय.

मग रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडला, तेवढंच येतं मला. २०१९ चा पूर आठव. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावाभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. तू नाशकातनं दूध पाठवू का म्हणत होतास, कसं पाठवणार होतास देव जाणे. ही पोरगी तेव्हा दहावीत. टँकरच्या रांगेत घागर धरून उभी आणि मला म्हणते, "पप्पा, कधी एकदा रोजच्यासारखं होतंय हो?" पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी डबा घेऊन निघालो, तर दारात येऊन टाटा केला होता तिनं. दहावीतल्या पोरीनं! तिला हे आठवतंय का, विचारायचं मनात येतं. पण विचारलं की चोरून वाचलं ते कळणार.

तुझ्या पोराचं लग्न ठरल्याचं कळलं, अभिनंदन, तारीख कळव. वहिनींच्या बदलीचं काय झालं?

आता एक काम कर. अर्ज शुक्रवारी जाणार आहे. सुन्याकाका म्हणजे इंग्रजी, हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. तूच आपणहून "काय लिहिलंयस, दाखव बघू" म्हणून माग. माझं नाव नको. शब्द काढायला सांगू नकोस, तो नीट बसलाय असं तू म्हणालास तर मी गप्प. त्याच्या शेजारी त्या घागरीचं एखादं वाक्य बसतंय का, तेवढं बघ. आणि बदली शब्द म्हणून तुला पेडेस्ट्रियन सुचला, तर आधी भेळेचे पैसे पाठव.

तुझा,
बंड्या