ऑपरेशनआधी तुझ्याशी बोलायचं होतं

प्रिय मधू,

'वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी गेलो तर डॉक्टर मला आळशी समजून परत पाठवतील' हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला फार लागलं. अरे, लठ्ठपणा हा आजार आहे. कष्टाने वजन उतरवलं की शरीरच भूक वाढवतं, ऊर्जा कमी खर्च करतं आणि गेलेले किलो परत आणतं. तू इतकी वर्षं याच्याशीच झगडतोयस.

तुझं वजन ९८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, जवळपास ३४. 'ऑपरेशनला बीएमआय चाळीस लागतो, नाहीतर पस्तीस आणि सोबत आजार' हे तुला कोणी सांगितलं ते १९९१च्या अमेरिकी निकषावरून. २०२२मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी ती मर्यादा खाली आणली. आता ३५च्या वर दुसरा आजार नसला तरी चालतो, मधुमेह असेल तर ३०पासून विचार होतो. आशियाई लोकांसाठी तर २७.५च, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. तुझी साखर गोळ्यांना जुमानत नाही, झोपेत श्वास अडकतो. आकड्यावरून तुला कुणी नाकारेल असं मला वाटत नाही.

मला काळजी आहे ती नंतरची. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्ततपासण्या, हे सगळं जन्मभराचं. आणि तू तर बरं वाटलं की रक्तदाबाची गोळीसुद्धा सोडतोस! डॉक्टर हेच चाचपून बघतील, बघायलाच हवं. सिगारेट काही आठवडे आधी पूर्ण बंद करावी लागेल. आजच सुरुवात कर ना.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील तेव्हा बिचकू नकोस. पोट भरल्यावरही रात्री हात थांबत नाही, हे जसं मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. बहुतेक वेळा त्यावर आधी उपचार करतात आणि मग पुढे जातात. लपवलंस तर ऑपरेशननंतर तेच तुला जड जाईल.

छातीतल्या जळजळीचंही बोल. जठराचा मोठा भाग काढून टाकतात त्या स्लीव्हमध्ये ती वाढू शकते. त्रास जास्त असेल तर बायपास बरा पडतो, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात ते ऑपरेशन. सगळ्या गोळ्यांची यादी आणि जुने रिपोर्ट एका फायलीत लाव. तारीख मिळाली की कळव, मी सोबत येतो.

तुझा,
विनय