मनूस, तुझ्या प्रोजेक्टबद्दल

प्रिय मनू,

फोनवर हे बोलणं होत नाही, मध्येच रेंज जाते नाहीतर तुझी आई फोन घेते, म्हणून लिहितोय. आमच्यासारख्या डायलिसिसवाल्यांच्या किडनी कॅन्सरमधले मायक्रोआरएनए हा विषय तू घेतलास ते ऐकून फार बरं वाटलं गं.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा जेमतेम 22 अक्षरांचा तुकडा आणि कुठलं प्रोटीन किती बनवायचं त्यावर त्याचा ताबा, 1993 मध्ये एका मिलिमीटरभर किड्यात सापडला आणि 2024 ला अँब्रोस आणि रुवकुनना त्यावर नोबेल. किडनीच्या नेहमीच्या, क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचा जीन बिघडला की पेशीला ऑक्सिजन कमी पडल्यासारखं होतं आणि एमआयआर-210 हा मायक्रोआरएनए वाढतो, हेही समजलं. पण बऱ्याच वर्षांच्या डायलिसिसनंतर आमच्या आकसलेल्या किडनीत सिस्ट, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, होतात आणि त्यातून होणारा एक कॅन्सर वेगळाच असतो, डब्ल्यूएचओने 2016 मध्ये त्याला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली, म्हणून बाकीच्या कॅन्सरचे आकडे इथे तसेच लागू पडतील असं धरून चालू नकोस.

आता मुद्द्याचं. पेशंटच्या रक्तातले मायक्रोआरएनए तू मोजणार, पण तुलनेला रक्त कोणाचं घेणार? धडधाकट माणसांचं घेतलंस तर फरक दिसणारच, पण तो कॅन्सरचा की नुसत्या बंद पडलेल्या किडनीचा हे कळणार कसं? आमच्या रक्तात युरिया, क्रिएटिनिन कायम चढलेलं, अंगात सूज, हिमोग्लोबिन कमी, या सगळ्याने पण मायक्रोआरएनए वरखाली होतात. म्हणून तितकीच वर्षं डायलिसिसवर असलेले पण कॅन्सर नसलेले पेशंट घे, आणि त्यांची सोनोग्राफी झालेली असू दे, कारण गाठ लहान असताना काहीच त्रास होत नाही. लघवीचं सॅम्पल मिळेलच असं नाही, आमच्यातल्या कित्येकांना लघवी होतच नाही.

अजून एक. मशीनला जोडताना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देतात आणि ते पीसीआरमध्ये, म्हणजे तुझ्या मोजायच्या टेस्टमध्ये, अडथळा आणतं. म्हणून फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या शिरेत) सुई गेली की हेपॅरिन द्यायच्या आधीच नळी भरून घ्यायला सांग टेक्निशियनला. सकाळच्या शिफ्टला त्यांची फार घाई असते, एकाची सुई बसेपर्यंत दुसऱ्याचा अलार्म वाजतो, त्यामुळे तू स्वतः तिथे उभी राहा. सिरिंज जोरात ओढली की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातला एमआयआर-451 तुझ्या सॅम्पलमध्ये उतरतो, ते गुलाबी दिसणारं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वापरू नकोस, बाजूलाच ठेव.

पेशंटशी बोलताना कॅन्सर शब्द एकदम काढू नकोस बाळा, बहुतेकांच्या सिस्टचं पुढे काही होत नाही हे आधी सांग. माझं रक्त लागलं तर मी तयार आहे, फक्त मी तुझा बाप आहे हे सरांना आणि एथिक्स कमिटीला आधी कळव. माझी सोनोग्राफी पुढच्या महिन्यात आहे, रिपोर्ट आला की पाठवतो.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा