जाड गादीने घोड्याची पाठ वाचत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लग्नसराईत सोलापुरात वरातीच्या घोड्यांना उसंत नसते. जरीच्या झुलीखाली पाठ कशी आहे, हे वऱ्हाडी सोडाच, मालकही रोज पाहत नाहीत. पाठ सोलवटली की खोगिराखाली आणखी एक नमदा (लोकरीची जाड गादी) किंवा गोणपाट कोंबायचे, हा सर्रास उपाय. खोगिराचा सांगाडा मुळात अरुंद असेल तर त्याने दुखणे वाढतेच. चावणाऱ्या बुटात दुसरा मोजा घालावा, तसे ते होते.

आयाळ संपते तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर मांस जवळजवळ नसते. सांगाडा तिथे टेकला की कातडी चेंगरते, रक्त पोहोचत नाही. खोगीर उतरवल्यावर काही वेळाने फुगवटा येतो तो यामुळे. पुढे तिथेच पांढरे केस उगवतात. स्वार बसलेला असताना त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे उभी मावली पाहिजेत; रिकामे खोगीर तपासून काही कळत नाही. मणक्यावरची पोकळी पुढून मागेपर्यंत मोकळी हवी आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीमागे जाता कामा नये.

माप घेणे सोपे आहे. खांद्याच्या पात्यामागे चार बोटांवर सहज वाकणारी जाड तार पाठीवर आडवी दाबून बसवा, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि खोगिराच्या खालच्या बाजूला लावून पाहा. अकलूजच्या बाजारातून नवा घोडा आणला की जुनेच खोगीर चढवण्याआधी एवढे तरी करावे. घोडा सुकला वा भरला की माप पुन्हा घ्यावे लागते.

खोगीर उतरवल्यावर घामेजल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग दिसला, तर तिथे खोगीर टेकत नाही किंवा फार दाबते. बोटांनी दाबल्यावर घोडा अंग चोरत असेल, तर दाबच समजा.

जखमेवर राख, रॉकेल नको. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून धुवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार. नमद्याला जखमेपुरते भोक पाडून काम चालू ठेवणारेही आहेत. त्या भोकाची कड भोवतालची कातडी दाबते आणि जखम पसरते. पूर्ण भरेपर्यंत खोगीर बंद, दुसरा इलाज नाही.

जखमी जनावर कामाला जुंपणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वरात ठरवणाऱ्यांनी इसारा देण्याआधी झूल आणि नमदा काढायला लावून पाठ पाहावी. नवरदेवाला स्टुलावरून चढवावे. रिकिबीत जोर देऊन चढले की सगळे खोगीर एका बाजूला ओढले जाते.

– एक वाचक, सोलापूर