छेद छोटा, हाड तेच

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या उंचवट्याच्या (बनियन) ऑपरेशनची तारीख मिळाली हे कळलं. "चार बारीक छेद तर आहेत, पंधरा दिवसांत धावेन," हे तुझं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. बाबा म्हणाले, लिहून पाठव, फोनवर तुम्ही दोघी भांडता. धावण्याविषयी काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तो उंचवटा म्हणजे नवीन वाढलेली गाठ नव्हे. पहिलं मेटाटार्सल, म्हणजे अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड, दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा उलटा दुसऱ्या बोटाकडे कलतो आणि हाडाचं टोक कडेला पुढे येतं. नुसतं तासलं तर ते पुन्हा दिसायला लागतं. म्हणून छेद मोठा असो की छोटा, हाड कापून सरकवावंच लागतं.

मोठ्या छेदाच्या, म्हणजे ओपन पद्धतीत पायाच्या आतल्या कडेला साधारण 5 ते 7 सेंटिमीटरचा छेद घेतात. सांध्याचं आवरण उघडून, हाड डोळ्यांनी बघत, करवतीने व्ही आकाराचा (शेव्हरॉन) किंवा लांबट झेडसारखा (स्कार्फ) काप घेतात, टोक सरकवून स्क्रू लावतात. अंगठा तरीही कलता राहिला तर त्याच्या हाडातून छोटी पाचर काढतात.

तुझ्या सर्जनने सुचवलेल्या पद्धतीत छेद 3 ते 5 मिलिमीटरचे. त्यातून 2 मिलिमीटर जाडीचा बर, म्हणजे फिरत हाड कापणारं बारीक पातं, आत जातो आणि सगळं काम एक्स-रेच्या पडद्यावर बघून होतं. बर सावकाश फिरवतात आणि वर सलाइन सोडत राहतात, नाहीतर उष्णतेने कातडीही भाजते आणि हाडही. शिवाय बर स्वतःच्या जाडीएवढं हाड खातो. कापाची दिशा चुकली तर मेटाटार्सल आखूड होतं, भार शेजारच्या हाडावर जातो आणि दुसऱ्या बोटाखाली नवीनच दुखणं सुरू होतं. स्क्रूचंही तसंच. मुख्य स्क्रू मागच्या तुकड्याची पलीकडची भिंत भेदून टोकात शिरला पाहिजे. ती पकड हुकली तर टोक हलतं. पुढे स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचलं म्हणून तो काढावा लागणं हेही या पद्धतीत होतं. म्हणून विचार: अशी किती केलीत? सरावाची पहिली काही डझन ऑपरेशनं कुणाच्या तरी पायावर होतातच, ती तुझ्या पायावर नकोत.

तुझ्या एक्स-रेत अंगठ्याचा कोन 32 अंश आहे, पहिल्या दोन मेटाटार्सलमधला 14. साधारण 15 आणि 9 च्या आत असावेत. म्हणजे तुझा वाकडेपणा मध्यम, दोन्ही पद्धती चालतील. एक्स-रे उभं राहून काढला होता ना? झोपून काढला तर कोन कमी दिसतो. हाड सरळ होण्यात दोन्हींत फारसा फरक नसतो. छोट्या छेदात व्रण लहान आणि सुरुवातीचं दुखणं कमी. सर्जनचा हात बसलेला असेल तर मीही तेच निवडीन.

पण दुखणं कमी म्हणजे हाड जुळलं असं नव्हे, मुक्ता. कापलेल्या हाडाला छेद केवढा होता याच्याशी देणंघेणं नाही. त्याला साधारण 6 आठवडे लागतातच. दुखत नाही म्हणून माणूस पुढच्या पायावर भार टाकतो आणि स्क्रू सैल होतो. तू तर हाताचं प्लॅस्टर असताना त्यात विणायची सुई घालून खाजवायचीस, आणि डॉक्टरांसमोर इतकी निरागस बसायचीस की आजी हसू आवरत पदर तोंडाला लावायची. बाबा अजून तुझ्या शर्यतीचं मेडल पाहुण्यांना काढून दाखवतात. तो हट्ट मला आवडतो. या 6 आठवड्यांत मात्र नको.

बघ, आलेच शेवटी धावण्यावर. रागावू नकोस.

पहिले 2 आठवडे पाय छातीच्या वर, घोटा अधूनमधून हलवत राहायचं. पोटरी दुखून सुजली तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. पट्टी स्वतः सोडायची नाही. अंगठा योग्य जागी धरायचं काम तीच करते. चालायचं ते कडक तळव्याच्या बुटात, टाचेवर भार देऊन. टाके निघाल्यावर अंगठा हलवायचा व्यायाम विचारून घे, तो टाळला तर सांधा आखडतो. सूज 6 महिनेसुद्धा रेंगाळते, घाबरू नकोस. धावणं 3 महिन्यांच्या आधी नाही, आणि तेही एक्स-रेत हाड भरलेलं दिसलं तरच.

तो बूट जाड असतो, त्यामुळे दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचं काही घाल, नाहीतर कंबर धरते. पहिले पंधरा दिवस मी येतेच आहे. समीरला सांग, जिन्याजवळची ती सायकल आधी हलव.

तुझी,
आई