अम्मी, तुझ्या दुआत तुझं नाव कुठे आहे?

अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

हे परवा फोनवरच बोलायचं होतं. पण फोनवर अम्मी हसण्यावारी नेते आणि अब्बा 'बरं बरं' म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले.

मागच्या वेळी आले होते तेव्हा एका पहाटे लवकर जाग आली. फजरच्या, पहाटेच्या नमाजला अजून वेळ होता. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि अम्मी जानमाजवर, नमाजच्या चटईवर, बसली होती. हात पसरलेले, डावा जरा खाली आलेला, कारण तो खांदा तुला हल्ली उचलवत नाही. मी चोरून ऐकलं, माफ कर. तू हजेरी घेतल्यासारखी एकेक नाव घेत होतीस. भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, मी, माझ्या घरची माणसं, खालच्या मजल्यावरच्या बाईंचं ऑपरेशन. जिच्याशी तुझं कित्येक वर्षं धड बोलणं नाही, तिच्या मुलाची नोकरीसुद्धा. मग अब्बांचे गुडघे. मग आमीन, आणि हात चेहऱ्यावरून. उठताना भिंतीला धरलंस आणि तोंडून 'या अल्लाह' निघालं. स्वतःसाठी तू मागितलंस ते एवढंच, तेही कण्हताना.

नंतर विचारलं तर म्हणालीस, 'माझं काय राहिलंय मागायचं?' अब्बांनी पेपरातून डोकंही वर न काढता त्यात भर घातली, 'द्यायचं ते त्याने दिलं, आता मागत काय बसायचं?' रात्री दोनला दोघांच्याही खोलीतला दिवा लागतो, हे मला दिसत नाही असं समजू नका.

खरं तर मलाही मागता येत नव्हतं. लहानपणी अब्बांनी शेजारी बसवून माझे तळहात जुळवले होते, तो स्पर्श अजून आठवतो. 'रब्बना आतिना'पासून चार दुआ पाठ झाल्या आणि पुढची वीस वर्षं मी त्याच म्हणत राहिले. नमाज संपली की दुआ, दुआ म्हणजे नमाजचं शेपूट. अर्थ ठाऊक नसायचा आणि लक्ष पुढच्या कामात. मग ते वाईट वर्ष आलं, तुम्हाला माहीत आहे कोणतं. एका रात्री हात पसरून बसले आणि पाठ केलेलं सगळं संपलं. गप्प बसले. थोड्या वेळाने मराठीतच बोलले, 'या अल्लाह, मला झोप येत नाही.' इतकंच. स्वतःचीच लाज वाटली, एवढ्या मोठ्या दारात जाऊन हे काय सांगतेय मी! पण माझी पहिली खरी दुआ तीच, असं मला आजही वाटतं. नमाजचे शब्द अरबीत ठरलेले आहेत, वेळा ठरलेल्या आहेत. नमाजबाहेर आपल्या भाषेत, हवं तेव्हा, हातपाय धुवून वजू केलेला असो नसो, मागायला कुणी अडवलेलं नाही.

तेव्हापासून मी वाचायला लागले. पहिल्यांदा थबकले ती कुरआनातल्या सूरह बकराच्या १८६व्या आयतीपाशी. रोजांच्या हुकुमांच्या मधोमध ती अचानक येते. त्याच सूरतमध्ये लोक पैगंबर मुहम्मदांना (स.) बरंच काही विचारतात, चंद्राबद्दल, दारूबद्दल, अनाथांबद्दल. दर वेळी उत्तर 'कुल', म्हणजे 'तू सांग', असं सुरू होतं. इथे मात्र, माझे बंदे माझ्याबद्दल विचारतील तेव्हा, एवढं म्हणून थेट येतं, 'मी जवळच आहे.' मध्ये 'तू सांग' नाही. निरोप्यालासुद्धा बाजूला ठेवून दिलेलं हे उत्तर आहे. अम्मी, तू सगळ्यांचे निरोप पोचवतेस, पण तुझ्यासाठी तिथे निरोप्या लागतच नाही.

तू म्हणशील, आपलं दुखणं सांगत सुटणं म्हणजे सब्र, धीर सोडणं. मलाही तसंच वाटायचं. पण याकूब अलैहिस्सलाम बघ, तेही पैगंबरच. मुलगा हरवल्यावर त्यांच्या तोंडी 'सब्रुन जमील', म्हणजे सुंदर सब्र, आहे. रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, असंही कुरआनच सांगतं. आणि घरच्यांनी टोकल्यावर ते म्हणतात की मी माझ्या दुःखाची तक्रार अल्लाहकडेच करतो. सब्र आणि तक्रार एकाच म्हाताऱ्या बापाच्या तोंडी, एकाच सूरतमध्ये. लोकांपुढे रडगाणं गाणं वेगळं आणि त्याच्यापुढे मन मोकळं करणं वेगळं. अय्यूब अलैहिस्सलाम तर सब्रचं उदाहरण म्हणूनच सांगितले जातात, आणि त्यांची दुआ किती लहान! मला त्रासाने गाठलंय आणि तू दयाळूंहून दयाळू आहेस. 'बरं कर' असंसुद्धा ते म्हणत नाहीत. हाल सांगितले आणि थांबले.

अब्बा, तुमच्यासाठी मी जकरिया अलैहिस्सलाम राखून ठेवले होते. सूरह मरियम उघडा, सुरुवातच त्यांच्या दुआने आहे. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं ते मागतात. आधी काय सांगतात? माझी हाडं कमजोर झाली, डोकं पांढऱ्या केसांनी पेटलंय. आणि लगेच पुढे, हे रब, तुझ्याकडे मागून मी कधी निराश झालो नाही. वय झालंय हे कबूल करून, त्याच वयात ते मूल मागतात. 'आता मागत काय बसायचं' हे वाक्य त्यांना शोभलं असतं, पण ते ते म्हणत नाहीत. (तुम्ही मूल मागा असं मी म्हणत नाहीये, अम्मीला वाचून दाखवताना एवढं गाळा.)

आणि हजरत अब्बास, पैगंबरांचे (स.) चुलते. त्यांनी विचारलं, अल्लाहकडे काय मागू ते मला शिकवा. उत्तर आलं, आफियत, म्हणजे सुखरूपपणा मागा. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. एवढ्या साध्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नसावं, असं आपलं मला वाटतं. पुन्हा तेच उत्तर, आणि तेही किती आदराने, हे अल्लाहच्या रसूलचे चुलते, दुनिया आणि आखिरतची, मरणानंतरच्या जगाची, आफियत मागा. आफियतमध्ये काय नाही? दुखणं कमी होणं, रात्रीची झोप, कुणावर भार न होणं. खुद्द पैगंबर (स.) लाचारीपासून, आळसापासून आणि म्हातारपणाच्या दुर्बलतेपासून पनाह, आसरा मागायचे. त्यांनी मागितलं ते मागायला तुम्ही का संकोचता?

आधी दुसऱ्यांसाठी मागायचं, ही सवय वाईट नाहीच. पाठीमागे कुणासाठी दुआ केली तर फरिश्ता आमीन म्हणतो आणि 'तुलाही तसंच मिळो' म्हणतो, हे अम्मीच मला सांगायची. मग अम्मी, फरिश्ता तुझ्यासाठी मागतो तर तू का नाही? पैगंबर (स.) कुणासाठी दुआ करायचे तेव्हा सुरुवात स्वतःपासून करायचे, असं तिरमिजीच्या हदीससंग्रहात आलंय. इब्राहीम अलैहिस्सलामांच्या दुआचा क्रमही तसाच: मला माफ कर, माझ्या आईवडिलांना, मग साऱ्या ईमानवाल्यांना. तुझी यादी तीच ठेव. फक्त वर एक नाव घाल.

अब्बांचा नेहमीचा सवाल उरतो, की नशिबात लिहिलंय ते होणारच, मग दुआ कशाला? तुम्ही गोळ्या तर वेळेवर घेता ना! इलाज करा असं पैगंबरांनी (स.) सांगितलंय, आणि त्याच हदीसमध्ये, त्याच वचनात, औषध नसलेला एकच आजार सांगितलाय, म्हातारपण. गोळीही लिहिलेल्यात येते आणि दुआही, मला एवढंच कळतं. बाकी तकदीरचा गुंता माझ्याच्याने सुटत नाही.

कबूल न होण्याचं मात्र मी जवळून पाहिलंय. त्या वर्षी जे मागितलं ते मिळालं नाही, आजपर्यंत नाही. दुआचं तीनपैकी एक होतं असं हदीसमध्ये आहे: ते लवकर मिळतं, आखिरतसाठी राखलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. माझ्या बाबतीत काय झालं ते मला कळलेलं नाही. कधी कधी रागही येतो. पण 'मागितलं, काही झालं नाही' म्हणून हात खाली टाकणं म्हणजेच घाई, आणि त्या घाईपासून सावध केलेलं आहे. म्हणून राग येतो तेव्हा तोही तिथेच सांगते.

आणखी एक, अब्बा. खुर्चीवर नमाज पढायला लागल्यापासून 'आता सजदा कुठला' म्हणता आणि चेहरा पडतो. बंदा कपाळ जमिनीला टेकवून सजद्यात रबच्या सगळ्यात जवळ असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच ते लागतं. पण उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, ही सवलत दिलेलीच आहे. तुम्ही मान झुकवता तोच तुमचा सजदा. रात्री दोनला झोपमोड झालीच तर ती वेळही वाया घालवू नका. रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, कोण मागतोय, मी त्याला देईन, अशी हाक असते म्हणतात. तुम्ही जागेच असता. तस्बीहची माळ सापडेना तर मोजायला बोटं आहेत.

मी तुमच्यासाठी रोज 'रब्बिर्हम्हुमा' म्हणते. लहानपणी यांनी मला सांभाळलं, तसा तू यांच्यावर रहम कर. पण त्यातून तुमची सुट्टी होत नाही.

अब्बांचं गुडघ्याचं मलम संपत आलं असेल, दोन ट्यूब पाठवल्यात. एक अम्मीच्या खांद्याला, आणि ती तुझीच आहे अम्मी, 'अब्बांना पुरू दे' म्हणून ठेवून देऊ नकोस. लावून झालं की दुखऱ्या जागी हात ठेवायचा, तीनदा बिस्मिल्लाह, आणि सात वेळा म्हणायचं, मला जे जाणवतंय आणि ज्याची धास्ती आहे त्याच्या त्रासापासून मी अल्लाहची आणि त्याच्या कुदरतीची पनाह मागतो. पैगंबरांनी (स.) आपले सोबती उस्मान बिन अबिल आस यांना अंगदुखीवर हेच शिकवलं होतं. अरबी शब्द वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेत, चष्म्याशिवाय दिसतील. सात वेळा, अब्बा. तुम्ही चारला थांबता.

तुमची लेक