हजेरीवहीतील पेन्सिलीच्या नोंदी

चि. लेकीस,
सप्रेम सलाम.

स्मरण-उपासनेच्या दिवशी बोलायला उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तुझ्या आईला ‘त्यागमूर्ती’ म्हटले, तेव्हा तू मान खाली घातलीस, आणि परतताना मला एवढेच विचारलेस की, हा त्याग नेमका कोणाच्या वाट्याच्या वेळेचा होता. मी तेव्हा उत्तर दिले नाही. प्रश्न उद्धट वाटला म्हणून नव्हे. तो खरा होता आणि त्याच्या उत्तरात माझेही नाव येत होते, म्हणून. तोंडी सांगताना मी काहीतरी झाकीन अशी मला स्वतःविषयी शंका आहे, म्हणून लिहून पाठवतो.

पहिली गोष्ट ही की, तो शब्द तिला मुळीच रुचला नसता. ती कामाला काम म्हणे आणि त्याचा हिशेब ठेवी. आठवडाभर शाळेत शिकवून पुन्हा रविवारी मंडळीच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, कशाला उभे राहायचे, असे मी लग्नानंतर लवकरच तिला विचारले होते. त्यावर तिने मला रॉबर्ट रेक्सची हकीकत सांगितली. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे त्याने १७८० मध्ये रविवारची शाळा सुरू केली ती आठवड्याचे इतर दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, आणि तेथे धर्मशिक्षणाबरोबर वाचायला शिकवणे हा मुख्य उद्योग होता. तिचे म्हणणे असे की, आपण वचने पाठ करून घेण्याच्या नादात हे वाचायला शिकवणे विसरलो. म्हणून तिच्या वर्गात अडखळत वाचणारी मुले अर्धा तास आधी येत, आणि पाठांतराच्या स्पर्धेत तिच्या वर्गाला क्वचितच बक्षीस मिळे. पाळकसाहेबांनी एकदा त्याविषयी सौम्यपणे विचारले, तेव्हा तिने तितक्याच सौम्यपणे सांगितले, “पाठ केलेले विसरते, वाचता येणे विसरत नाही.” (माझ्याशी वाद घालताना मात्र हा सौम्यपणा तिने कधी वापरला नाही.)

वह्या तपासण्याची तिची रीतही तुला ठाऊक आहे, पण तिच्यामागचे कारण कदाचित ठाऊक नसेल. ती चुकीच्या शब्दावर काट मारत नसे. समासात बरोबर शब्द लिही आणि पुढच्या वेळी मुलाने तो पाहिला की नाही एवढेच तपासी. असे केल्याने दुप्पट वेळ लागे. तो दुप्पट वेळ रात्रीच्या जेवणानंतरचा होता, म्हणजे तुझ्या निजण्याच्या वेळेचा. तुझा प्रश्न येथूनच सुरू होतो, हे मला कळते.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायातील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणतात, ती तिची आवडती व्यक्ती. यापो येथील ही बाई मरण पावते, पेत्राला बोलावून आणतात, आणि विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहून तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. पुढे ती पुन्हा उठते; पण संपूर्ण वृत्तान्तात तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही. तुझी आई म्हणे की, त्या बायकांनी स्तुती केली नाही, कपडे दाखवले, म्हणूनच त्यांचे रडणे खरे वाटते. उपासनेनंतर दाराशी एक मध्यमवयीन गृहस्थ भेटले होते, आठवतात का? त्यांनी भाषण केले नव्हते. खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढून त्यांनी समासातील तिचे अक्षर मला दाखवले आणि पुन्हा घडी घालून ठेवले. दिवसभरात मला बरे वाटले ते तेवढ्याच क्षणी.

आता माझ्या वाट्याचे. ती आजाऱ्यांच्या भेटीला, प्रभुभोजनाच्या तयारीला किंवा स्त्रीमंडळाच्या सभेला जाई, तेव्हा घरातले काम तिची वाट पाहत तसेच पडून राही, कारण मी ते उचलत नसे. मंडळीत लोक तिचे कौतुक करत तेव्हा मी अभिमानाने शेजारी उभा राही, आणि घरी आल्यावर चहा मागे. तिच्या सेवेची किंमत तू मोजलीस हे खरे. पण माझा हात वेळेवर पुढे झाला असता, तर तुला मोजावी लागलेली किंमत निम्मी झाली असती. याला त्याग म्हणणे मला आता सोयीचे वाटते, आणि म्हणूनच मी ते म्हणणार नाही.

तिला हे जाणवत नव्हते असे समजू नकोस. पंडिता रमाबाईंविषयी आम्ही बोलत होतो, तेव्हा मी शारदा सदनाचे आणि बायबलच्या त्यांच्या मराठी भाषांतराचे गुणगान करत असताना तिने मध्येच त्यांच्या मुलीचा, मनोरमेचा, विषय काढला. आईच्या संस्थांच्या कामातच मनोरमेचे आयुष्य गेले. ती १९२१ मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. “त्या मुलीला हेच हवे होते का, असे तिला कोणी विचारले असेल का?” असे म्हणून तुझी आई बराच वेळ गप्प बसली. ती मनोरमेविषयी बोलत नव्हती, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

परवा तिचे कपाट आवरताना शब्बाथशाळेच्या हजेरीवह्या सापडल्या. गैरहजर मुलाच्या नावापुढे तिने पेन्सिलीने कारण लिहिलेले आहे: ‘आजी आजारी’, ‘शर्ट वाळला नाही’, ‘वडिलांनी पाठवले नाही, भेटणे’. त्यांतल्या काही वह्यांत तुझेही नाव आहे, इतरांसारखेच, अनुक्रमांकाने. तू सात वर्षांची असतानाच्या एका रविवारी तुझ्या नावापुढे गैरहजेरी आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘ताप. नऊला निघाले, पावणेबाराला परत. जागी होती. बोलली नाही.’

बाकीच्या वह्या नव्या शिक्षिकेने मागितल्या, त्या मी देऊन टाकल्या. ही एक दिली नाही. पत्रासोबत पाठवतो आहे. ते पान दुमडून ठेवले आहे.

तुझा,
पप्पा