गॅस गिझर न्हाणीघराबाहेर हवा

महोदय,

पाऊस लागला की बेळगाव-खानापूर भागात पुष्कळ घरांत न्हाणीच्या झरोक्याला प्लास्टिकचा कागद ठोकतात. झड आत येऊ नये, अंगाला वारं लागू नये म्हणून. पाणी तापवायचा बंब परसात पेटत होता तोवर हे खपून गेलं. आता त्याच न्हाणीत गॅस गिझर असतो आणि तो माणसाच्याच वाट्याची हवा ओढतो.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर दहा मिनिटं चालला, तर गॅस जळायला दोन हजार लिटरांच्या आसपास हवा लागते. चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीत हवा असते जेमतेम साडेचार हजार लिटर. एकामागून एक तिघं आंघोळीला गेले की तिसऱ्यासाठी काय उरलं? प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडी काढावी हे सुचेपर्यंत हातातलं बळ गेलेलं असतं.

म्हणून गिझर बाहेरच्या भिंतीवर, छज्ज्याखाली बसवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. भिंतीला एक भोक आणि दोन-तीन फूट पाइप, एवढंच काम आहे. पाइप गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी किंवा जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून सांध्यातून सुटतो. वाऱ्याने ज्योत विझत असेल तर बाजूने पत्र्याचा आडोसा करा, पण गिझरची वरची-खालची जाळी झाकू नका.

भाड्याचं घर आहे, मालक भिंत फोडू देत नाही, अशी अडचण खरीच असते. तेव्हा दार उघडं ठेवून आधी बादल्या भरून घ्या. वीस लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. मग गिझर आणि रेग्युलेटर बंद करा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि नंतरच आंघोळीला जा. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. प्लास्टिकचं दार घट्ट बसलेलं असेल तर आत यायला हवाच नसते, मग पंखा ओढणार काय? दाराखाली चार बोटं फट हवी आणि वरचा झरोका बारा महिने उघडा हवा.

ज्योत निळी असली पाहिजे. ती पिवळी दिसली किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी धरली, तर बर्नरमध्ये धूळ नाहीतर कोळिष्टक अडकलंय असं समजा आणि साफ होईपर्यंत तो वापरू नका. ज्योत निळी आहे म्हणून मात्र बंद न्हाणीत तो चालवायला मोकळीक मिळत नाही.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीही याच जातीची. निखारे फुलले, धूर गेला, आता भीती नाही, असं आपल्याकडे आजही मानतात. उलट रसरशीत निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड सुटत राहतो आणि खोलीत तान्हं बाळ असतं. शेक घेताना खिडकी उघडी ठेवा आणि डोळा लागण्याआधी शेगडी ओसरीवर नेऊन ठेवा. रात्री ऊब हवी तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून बाळंतिणीला द्या, बाळाच्या अंगाशी नको.

न्हाणीतून हाकेला ओ आली नाही तर वाट बघू नका. बाहेरून रेग्युलेटर बंद करा, दार तोडा, माणसाला उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा. कांदा हुंगवण्यात, लिंबूपाणी पाजण्यात वेळ जातो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही भरवसा ठेवू नका. या विषबाधेत तो 98 दाखवतो आणि माणूस गुदमरलेला असतो. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, “बंद न्हाणीत गॅस गिझर चालू होता.” नाहीतर पित्त, चक्कर किंवा फिट समजून उपचार सुरू होतात आणि जो प्राणवायू तातडीने लावायचा तो लांबतो.

आपले,
गॅस गिझर बसवणारे व दुरुस्त करणारे कारागीर,
शहापूर, बेळगाव